बाराव्या पातळीवरील सावली

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बेळगावच्या खासबागेत माझी थोरली बहीण राहते. खासबाग, शहापूर, वडगाव हा सारा भाग विणकरांचा. दिवसभर मागांचा खडखडाट कानांवर पडत असतो, आणि तो थांबला म्हणजेच येथील माणसाला चुकल्याचुकल्यासारखे होते. त्या दिवशी पावसाने धार धरली होती, शाळेला सुट्टी मिळाली होती, आणि नववीत शिकणारा माझा भाचा संगणकापुढे बसून कसलासा जुना खेळ खेळत होता. मी सहज डोकावलो, तो जागच्या जागी थबकलो. पडद्यावर पांढऱ्या पोशाखातील एक चिमुकला मनुष्य दगडी तळघरातून धावत होता. त्याची ती धाव, कठड्याला लोंबकळणे, अंगाला हिसका देऊन वर चढणे, हे सारे मला तीस वर्षांनंतरही तोंडपाठ होते.

"मामा," मान न वळवताच भाचा म्हणाला, "तुम्ही हा गेम शेवटपर्यंत खेळलाय म्हणे. पैज जिंकून पाव किलो कुंदा आणला होता, असं आई सांगते. मग पुढच्या लेव्हल मला शिकवा की. मी सहावीच्या पुढे जातच नाही."

"होय की!" आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. "घरात सगळ्यांनी खाल्ला तो कुंदा."

मी 'बरे, शिकवतो' असे म्हटले. परंतु, वाचकहो, ते म्हणताना माझी नजर जमिनीकडे होती. त्याचे कारण यथावकाश सांगेन. तत्पूर्वी ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांना त्याची ओळख करून दिली पाहिजे.

एका घराने घडविलेला खेळ

या खेळाचे नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो रचला आणि १९८९ मध्ये ब्रॉडरबंड या कंपनीने तो प्रथम 'ॲपल टू' या संगणकासाठी प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी तो डॉस प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांसाठी निघाला, आणि त्याच रूपाने तो आपल्याकडील संगणकवर्गांत फ्लॉपीवरून येऊन पोहोचला.

मेकनरने यापूर्वी विद्यापीठात शिकत असतानाच 'कराटेका' नावाचा एक खेळ केला होता. नव्या खेळातील मनुष्य मात्र खऱ्या माणसासारखा चालावा, असे त्याच्या मनाने घेतले. त्यासाठी त्याने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घातले, त्याला धावायला, उडी मारायला, भिंतीवर चढायला लावले, आणि ते सारे व्हिडिओवर टिपून घेतले. मग त्यातील एकेक क्षण थांबवून, त्याचे छायाचित्र घेऊन, ते गिरवून त्याने राजपुत्राच्या हालचाली घडविल्या. तलवारीचे डाव त्याने १९३८ सालच्या रॉबिन हुडवरील एका चित्रपटातून उचलले. आज आपल्याला हे काम सोपे वाटेल, पण त्या काळी ती वर्षानुवर्षांची वेठ होती.

खेळातील संगीत त्याच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी, रचले. हे गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे, आणि पेशाने मानसशास्त्रज्ञ. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा ते अवघे सात वर्षांचे होते. ज्यू असल्यामुळे कुटुंबाची पांगापांग झाली, या बालकाला जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये दिवस काढावे लागले, आणि शेवटी ते अमेरिकेला पोहोचले. ही सारी कहाणी जॉर्डन मेकनरने अलीकडे 'रीप्ले' नावाच्या चित्रमय पुस्तकात सांगितली आहे. 'रीप्ले' म्हणजे पुन्हा खेळणे. एका भावाची धाव, एका बापाचे सूर आणि एका मुलाची चिकाटी, अशा तीन धाग्यांनी हा खेळ विणलेला आहे.

कथा अगदी साधी आहे. सुलतान दूरदेशी लढाईवर गेला असता जाफर नावाचा दुष्ट वजीर राज्य बळकावतो. तो राजकन्येला कोंडून ठेवतो आणि तिच्यापुढे वाळूचे घड्याळ उभे करतो: एका तासात माझ्याशी लग्नाला हो म्हण, नाही तर मरणाला तयार हो. तिच्यावर जीव जडलेला तरुण तळघरात निःशस्त्र पडलेला असतो. त्याने पहिल्या पातळीवरून निघून, तलवार शोधून, बारा पातळ्या ओलांडून जाफरपर्यंत पोहोचायचे. वाटेत जमिनीतून वर येणारे भाले, कात्रीसारखी मिटणारी पाती, पाय ठेवताच निखळणाऱ्या फरश्या आणि तलवारबाज पहारेकरी.

या खेळाचा खरा कस मात्र त्याच्या घड्याळात आहे. राजपुत्र कितीही वेळा मेला तरी त्याच पातळीच्या आरंभी पुन्हा उभा राहतो. प्राणांना तोटा नाही, पण गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. मरण हवे तितक्या वेळा, तास मात्र एकच! खेळ मध्येच नोंदवून ठेवण्याची सोय आहे, परंतु तीत उरलेला वेळ जसाच्या तसा नोंदला जातो. त्यामुळे शेवटच्या पातळीवर जो हरतो, तो पुष्कळदा पहिल्या पातळ्यांतील दिरंगाईमुळेच हरलेला असतो.

पुढील पातळ्या

आम्ही दोघांनी खेळाला सुरुवात केली. भाच्याने सहाव्या पातळीच्या अखेरीला खेळ नोंदवून ठेवला होता, तेव्हा त्याच्या हाती एकवीस मिनिटे होती. तेथून पुढे सरकत सरकत आम्ही बाराव्या पातळीला लागलो, तेव्हा अवघी दोन उरली. मी म्हटले, "इथून काही होणार नाही. पहिल्यापासून आलं पाहिजे." त्याने तोंड वाकडे केले. झालेले काम पुन्हा करणे कोणालाच रुचत नाही. परंतु पुढील रविवारी आम्ही पुनश्च पहिल्या तळघरातून निघालो. या वेळी वाट ठाऊक होती. कोठे थांबायचे, कोठे न थांबता धावायचे, हे बोटांना उमगले होते, आणि सातव्या पातळीवर आमच्यापाशी चांगली चौतीस मिनिटे शिल्लक होती.

या उत्तरार्धातील पातळ्या एकीहून एक निराळ्या आहेत, आणि प्रत्येकीची मागणी वेगळी आहे. सातव्या पातळीवर एक औषध मिळते, ते पिताच राजपुत्र पिसासारखा हलका होतो आणि खोल विवरातही अलगद उतरतो. त्याचा अंमल थोडाच वेळ टिकतो. रेंगाळला तो आपटला.

आठव्या पातळीवरील प्रसंग तर मुलांना मुद्दाम दाखवावा असा आहे. बाहेर जाण्याचे दार उघडावे आणि त्याच्याकडे परतावे, तो मध्येच एक जाळीचा दरवाजा खाली येतो आणि राजपुत्र अडकून पडतो. तलवार चालत नाही, उडी चालत नाही, कळफलकावरील एकही कळ उपयोगी पडत नाही. भाच्याने चार वेळा चडफडून खेळ पुन्हा सुरू केला. पाचव्या वेळी मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "काही करू नकोस. नुसता थांब." आणि खरोखरच, थोड्या वेळाने पलीकडून एक पांढरा उंदीर तुरुतुरु आला, जमिनीतील चापावर चढला, आणि दार उघडले! वरच्या महालात बसलेल्या राजकन्येने त्याला धाडले होते. ज्या खेळात घडीघडीला वेळ निसटत असतो, त्याच खेळात एके ठिकाणी स्वस्थ उभे राहणे हाच एकमेव मार्ग असावा, याचे मला पूर्वीही नवल वाटले होते, आणि आताही वाटले.

नवव्या पातळीवर एक औषध असे आहे की ते घेताच सारे दृश्यच उलटे होते. छत खाली, जमीन वर. भाचा मान वाकडी करकरून खेळू लागला आणि आक्का पदर तोंडाला लावून हसू लागली. दहाव्या आणि अकराव्या पातळ्या राजवाड्यातील आहेत. तेथे पहारेकऱ्यांचा हात अधिक सफाईचा, आणि चुकीला क्षमा कमी. बारावी पातळी म्हणजे एक उंच बुरूज. तो चढत जावे, निखळणाऱ्या फरश्यांचा मारा चुकवावा, आणि वर पोहोचावे तो समोर उभा ठाकतो एक विलक्षण शत्रू. तो म्हणजे राजपुत्राची स्वतःचीच सावली.

सावलीचा जन्म

ही सावली कोठून आली, हे सांगितले पाहिजे. चौथ्या पातळीवर एक आरसा आडवा येतो. धावत येऊन त्यातून उडी घ्यावी लागते. राजपुत्र एका बाजूने पार होतो, तर दुसऱ्या बाजूने त्याची छाया बाहेर पडून पळून जाते, आणि राजपुत्राचे सारे बळ ओसरून जेमतेम धुगधुगी उरते. पुढे पाचव्या पातळीवर त्याच्या हातातोंडाशी आलेले औषध तीच पिऊन टाकते, सहाव्या पातळीवर त्याच्या तोंडावर दरवाजा तीच पाडते. वजिराने जितके छळले नसेल तितके ही त्याची स्वतःची छाया त्याला छळते.

हे पात्र निर्माण होण्याचे कारण मोठे मौजेचे आहे. आरंभी मेकनरच्या खेळात शत्रूच नव्हते. होते ते केवळ सापळे. लढाईवाचून खेळात जीव येणार नाही, असे टोमी पिअर्स ही त्याची सहकारी त्याला परोपरीने सांगत असे. परंतु त्या लहानशा संगणकाची स्मृती राजपुत्राच्या चित्रांनीच भरून गेली होती. दुसऱ्या माणसाला जागाच उरली नव्हती. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रे घेतली, त्यांवर एक साधी गणिती क्रिया केली, आणि तीच आकृती झिलमिलणाऱ्या भुतासारखी पडद्यावर उभी केली. पुढे काटकसर करून त्याने पहारेकऱ्यांसाठीही जागा मिळविली, पण खेळातील पहिला शत्रू नायकाच्याच अंगातून निघाला, तो असा, अडचणीपोटी.

कुंद्याचे ऋण

बुरुजावर पोहोचलो तेव्हा आमच्या हाती अकरा मिनिटे होती. सावली तलवार उपसून सामोरी आली. भाच्याने तिच्यावर वार केला आणि तो ओरडला, "मामा, मारलं तिला, पण बळ माझं कमी झालं!" त्याने पुन्हा वार केला, पुन्हा तेच. सावली मेली त्या क्षणी राजपुत्रही मरून पडला. दुसऱ्या खेपेस तसेच घडले. तिसऱ्या खेपेसही. प्रत्येक खेपेला तो बुरूज पुन्हा चढावा लागे. घड्याळात पाच मिनिटे उरली.

भाच्याने हात आखडते घेतले आणि माझ्याकडे पाहिले. "तुम्ही तेव्हा कसं केलं होतं, मामा?"

आता सांगतो. १९९६ साली मी गावातील एका संगणकवर्गात जात असे. शनिवारी शिकवणी संपली म्हणजे अर्धा तास खेळायला मिळे. आम्हा पाच मित्रांत पैज लागली होती: जो प्रथम हा खेळ पुरा करील त्याला बाकीच्यांनी पाव किलो कुंदा द्यायचा. मी याच बुरुजावर अडलो होतो. तेव्हा वरच्या वर्गातील एका मुलाने मला कानमंत्र दिला. खेळ सुरू करताना त्याच्या नावापुढे एक गुप्त शब्द लिहिला, म्हणजे दोन कळा दाबून पातळीमागून पातळी ओलांडून जाता येते. मी एके दिवशी लवकर गेलो, तो शब्द लिहिला, आणि बारावी पातळी न खेळताच मागे टाकली. मित्र आले तेव्हा मी जाफरशी झुंजत होतो. जाफर पडला, मित्रांनी टाळ्या पिटल्या, आणि संध्याकाळी कुंदा घरी आला. आईने तो पाचही भावंडांना वाटला. माझ्या वाट्याचा घास काही केल्या गोड लागेना.

हे सारे मी त्या दिवशी भाच्याला सांगितले. आक्का दाराशी येऊन उभी होती, हे मला मागाहून कळले. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने पंधरा वर्षांच्या मुलापुढे आपली लबाडी कबूल करणे वाटते तितके सोपे नाही. तो माझी टर उडवील, अशी माझी अपेक्षा होती. पण तो काही वेळ गप्प राहिला. बाहेर शेजारच्या मागाचा आवाज थांबला होता. कोठे तरी ताण्याचा धागा तुटला असावा. धागा तुटला म्हणजे विणकर माग थांबवतो, तुटल्या जागी गाठ मारतो, आणि मगच पुढे विणतो. तसाच रेटला, तर ती खोड साऱ्या कापडभर उतरते.

"म्हणजे हिला कसं हरवायचं, ते तुम्हालाही माहीत नाही," भाचा शेवटी म्हणाला.

"नाही."

"मग दोघं मिळून बघूया की."

आम्ही पुन्हा बुरूज चढलो. सावली आली. या खेपेला त्याने वार केला नाही, नुसता पवित्रा घेऊन उभा राहिला. मी म्हणालो, "तिला लागतं ते आपल्याला लागतं. ती आपलीच आहे."

"आपलीच असली, तर मारायची कशाला?" असे म्हणून त्याने खालच्या बाणाची कळ दाबली. राजपुत्राने तलवार म्यान केली. आणि काय आश्चर्य! सावलीनेही आपली तलवार खाली घेतली. राजपुत्र पुढे झाला, सावली पुढे झाली, दोघे एकमेकांत मिसळून गेले, आणि पडद्यावर एकच मनुष्य उभा राहिला.

पुढची वाट डावीकडे होती, परंतु तेथे जमीनच नव्हती, नुसती पोकळी. "इथं तर काहीच नाही," भाचा म्हणाला. तथापि मागे फिरायलाही वेळ नव्हता. त्याने राजपुत्राला पोकळीत धावत सोडले. जेथे पाऊल पडे तेथे पायाखाली फरशी उमटू लागली! त्यापूर्वी ती तेथे नव्हती. पाऊल टाकल्यावर आली. तीस वर्षांपूर्वी मी दोन कळा दाबून जे ओलांडून गेलो होतो, ते हे होते. कुंदा मिळाला, पण खेळातील सर्वांत सुंदर जागा मी पाहिलीच नव्हती.

जाफर तलवारीचा मोठा पट्टीचा. त्याने आम्हाला एकदा लोळविले. दुसऱ्या खेपेस भाच्याने त्याचे वार शांतपणे अडविले, संधी साधली, आणि तो पडला. घड्याळ थांबले. मिनिटही पुरते उरले नव्हते. राजकन्या धावत आली, तिच्यापाठोपाठ तो पांढरा उंदीरही आला, आणि खासबागेतील त्या लहानशा खोलीत आम्ही मामाभाचे असे ओरडलो की आक्काच्या हातून लाटणे निसटले.

आईबापांसाठी दोन शब्द

संगणकावरील खेळांविषयी आपल्या घरांतून काळजी व्यक्त होते, आणि ती अनाठायी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या अनावर आहारी जाण्याचाही समावेश केला आहे. पुष्कळसे आजचे खेळ असे रचलेले असतात की ते कधी संपतच नाहीत. मुलाने उठू नये, हाच त्यांचा धंदा. या जुन्या खेळाची धाटणी निराळी. तो एका तासाचा आहे, त्याला शेवट आहे, आणि शेवट झाला की तो आपण होऊन खेळणाऱ्याला सोडतो. माझी सूचना एवढीच की मुलाला दटावण्यापूर्वी एक दिवस त्याच्या शेजारी बसून पाहावे. तो काय खेळतो हे कळेल, आणि कदाचित आपल्याविषयीही काही कळेल.

आणखी एक हकिकत सांगतो. मेकनरने या खेळासाठी लिहिलेली मूळ आज्ञावली पुढे कोठे गहाळ झाली, ती कित्येक वर्षे सापडेना. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातील कपाटाच्या कोपऱ्यात जुन्या डिस्कांची पेटी मिळाली. जाणकारांनी त्या जपून वाचल्या, आणि मेकनरने ती आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. मुलाने हरवलेले बापाने सांभाळून ठेवले होते.

पुढील शनिवारी मी भाच्याला बरोबर घेतले, बाजारातून कुंदा खरेदी केला, आणि आम्ही शहापुरातील माझ्या एका जुन्या मित्राच्या घरी गेलो. पैजेतल्या चौघांपैकी तो एकटाच आता गावात आहे. मी त्याला सर्व हकिकत सांगितली आणि पुडा पुढे केला. त्याने तो उघडला, तळहातावर तोलून पाहिला, आणि गंभीर चेहऱ्याने विचारले, "हा पाव किलोच दिसतो. तीस वर्षांचं व्याज कुठं आहे?"

मग त्याने पहिला घास भाच्याच्या हातावर ठेवला, दुसरा माझ्या. या वेळी तो गोड लागला.